झेंडावंदनानंतरची ग्रामसभा

इयत्ता पहिलीपासून प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याची घोषणा राज्य सरकारने २०२५ मध्ये केली आणि लहान मुलांना देशप्रेम कसे शिकवावे, हा जुनाच प्रश्न नव्याने ऐरणीवर आला. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात या प्रश्नाला जे पदर आहेत, त्यांचा हा ऊहापोह.

जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यात शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासूनच्या विद्यार्थ्यांना प्राथमिक स्वरूपाचे लष्करी प्रशिक्षण देण्याचा मनोदय जाहीर केला. देशप्रेम, शिस्त आणि नियमित व्यायामाची सवय हे त्यामागचे हेतू सांगण्यात आले. क्रीडाशिक्षक, राष्ट्रीय छात्रसेना, स्काऊट-गाईड यांच्या जोडीला राज्यातील सुमारे अडीच लाख माजी सैनिकांचे साह्य घेतले जाईल, असेही सांगण्यात आले. महिन्याभरापूर्वीच ‘ऑपरेशन सिंदूर’ पार पडले होते आणि देशभर लष्कराविषयीचा अभिमान ओसंडून वाहत होता, त्यामुळे घोषणेचे स्वागतही झाले. त्याच महिन्यात पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून राज्य ढवळून निघाले आणि २९ जून रोजी सरकारला त्यासंबंधीचे दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. सहा वर्षांच्या मुलाने काय शिकावे, यावर महाराष्ट्राने एकाच महिन्यात एवढा काथ्याकूट यापूर्वी क्वचितच केला असेल.

या घोषणेकडे सुटेपणाने पाहून चालणार नाही. शाळेच्या परिपाठात देशप्रेमाची भर घालण्याचा क्रम गेली काही वर्षे अखंड सुरू आहे आणि त्यात कोणताही पक्ष मागे राहिलेला नाही. संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन करण्याचा निर्णय काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या काळात फेब्रुवारी २०१३ मध्ये झाला. तो कागदावरच राहिल्यामुळे महाविकास आघाडीच्या सरकारने २६ जानेवारी २०२० पासून तो सक्तीने अमलात आणण्याचे ठरवले. १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत आले. २०२५ च्या प्रजासत्ताक दिनापासून झेंडावंदन करून घरी जाण्याची प्रथा मोडून शाळांनी दिवसभर प्रभातफेरी, भाषण, चित्रकला, निबंध, नृत्य अशा देशभक्तिपर स्पर्धा घ्याव्यात, असे फर्मान निघाले. राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात, राज्यगीताला १ मिनिट ४१ सेकंद. प्रतिज्ञा, प्रार्थना, उद्देशिका, सुविचार, दिनविशेष आणि बोधकथा यांची बेरीज केली, तर दोन शिक्षकांच्या शाळेत पहिला तास कधी सुरू होतो, हे शिक्षकालाच विचारावे.

विधींना अर्थ नसतो असे नाही. रोज सकाळी एका रांगेत उभे राहून एका सुरात काही म्हणण्यातून सहा वर्षांच्या मुलाला आपण कोणत्या तरी मोठ्या समूहाचे घटक आहोत, ही जाणीव होते आणि ती अनमोल असते. खेड्यातील अनेक मुलांच्या आयुष्यातला तो दिवसातील सर्वांत नीटनेटका प्रसंग असतो. प्रश्न आहे तो या जाणिवेचे पुढे काय होते, हा.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी ॲन-मारी वेल यांच्यासह १९५१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जिनिव्हातील मुलांना त्यांनी अगदी साधे प्रश्न विचारले : जिनिव्हा कुठे आहे, तू जिनिव्हाचा की स्विस? सहा-सात वर्षांची मुले स्वित्झर्लंडचे वर्तुळ काढीत आणि जिनिव्हाचे वर्तुळ त्याच्या शेजारी काढीत. एकाच वेळी आपण दोन्ही असू शकतो, हे त्यांना पटत नसे. शहर देशाच्या आत असते आणि म्हणून आपण दोन्ही आहोत, हे नीट उमगायला मुलाला दहा-अकरा वर्षांचे व्हावे लागे. लाखनी किंवा पवनी तालुक्यातील पहिलीच्या मुलाची स्थिती याहून वेगळी असण्याचे कारण नाही. त्याला देश दिसत नाही. त्याला शाळेचे आवार, पाण्याची टाकी, खिचडीची पंगत, तलावाची पाळ आणि भाताच्या बांध्या दिसतात. देशाबद्दलचा त्याचा पहिला समज या वस्तूंवरूनच तयार होतो.

भाषेचाही प्रश्न आहे. भंडारा जिल्ह्यातील मूल घरी झाडीबोलीत बोलते. तुमसर-मोहाडीकडच्या अनेक घरांत पोवारी चालते, काही घरांत गोंडी, आणि मध्य प्रदेशाची सीमा लागूनच असल्याने हिंदीही कानावर असते. अशा मुलापुढे प्रतिज्ञेतील ‘पाईक’ हा शब्द येतो, तेव्हा तो त्याच्या दृष्टीने निव्वळ ध्वनी असतो. गंमत अशी की, ही प्रतिज्ञा मुळात साध्या माणसाने साध्या भाषेत लिहिली होती. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव हे विशाखापट्टणमचे कोषागार अधिकारी. त्यांनी १९६२ मध्ये ती तेलुगूत लिहिली. न्या. एम. सी. छागला यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने १९६४ मध्ये ती स्वीकारली आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभरातील शाळांत आली. वडीलधाऱ्यांचा मान, देशबांधवांशी निष्ठा, सर्वांच्या कल्याणात आपले सुख : आशय सहा वर्षांच्या मुलालाही कळण्यासारखा आहे, पण तो त्याच्या बोलीत समजावून सांगण्याइतका वेळ परिपाठात उरत नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीसाठी जे काम केले, त्याचा शाळेच्या पहिल्या तासाला काही उपयोग होतो का, हे शिक्षण विभागाने एकदा तपासायला हरकत नाही.

लष्कर ही भंडाऱ्याला दूरची गोष्ट नाही. शहराजवळ जवाहरनगर येथे आयुध निर्माणी आहे. परिसरातील अनेक कुटुंबांची चूल तिच्यावर पेटते. २४ जानेवारी २०२५ रोजी तेथे भीषण स्फोट झाला आणि आठ कामगारांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर दोनच दिवसांनी प्रजासत्ताक दिन होता, राज्यातील शाळांचा पहिला बिनसुट्टीचा प्रजासत्ताक दिन. सीमेवर लढणाऱ्या जवानाविषयी मुलांना सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. पण जवानाच्या हातातील दारूगोळा तयार करणारा माणूस आपल्याच जिल्ह्यातील बसने कामावर जातो, त्याचे काम धोक्याचे असते आणि त्याच्या सुरक्षेची काळजी घेणे हे कोणाचे तरी कर्तव्य असते, हे मुलाला कोणी सांगायचे? भंडाऱ्याच्या वर्गात हा धडा बाहेरून आणावा लागत नाही. तो अनेकांच्या घरातच आहे.

कर्तव्याचा विषय निघालाच आहे, तर ९ जानेवारी २०२१ ची पहाट विसरता येणार नाही. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षाला आग लागली. सतरापैकी दहा अर्भके दगावली, सात वाचवता आली. त्यानंतर चौकशा झाल्या, निलंबने झाली, राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. तपासणी वेळेवर करणे, तिचा अहवाल वाचणे, त्यावर सही करण्यापूर्वी प्रत्यक्ष जाऊन पाहणे ही कामे कोणत्याही देशभक्तिपर गीतात येत नाहीत. ती करणारा वा न करणारा माणूसही कधीकाळी कोणत्या तरी शाळेच्या रांगेत हात पुढे करून उभा राहिलेला असतो. मुलांना सुजाण नागरिक करायचे म्हणजे नेमके काय करायचे, याचा विचार या कक्षाच्या दारातून सुरू करावा लागेल.

संविधानाने हा विचार केलेला आहे. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये कलम ५१ क अन्वये दहा मूलभूत कर्तव्ये घातली गेली, २००२ मध्ये ८६ व्या दुरुस्तीने अकरावे आले. या अकरांपैकी राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा उल्लेख फक्त पहिल्यात आहे. देशाच्या रक्षणाचे कर्तव्यही त्यात आहे आणि ते निःसंशय मोठे आहे. परंतु त्याच यादीत बंधुभाव जोपासणे, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडणे, नद्या, तलाव आणि वने राखणे, प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे, वैज्ञानिक दृष्टी वाढवणे, सार्वजनिक मालमत्ता जपणे हेही आहे. शेवटचे कर्तव्य तर पालकांचे आहे : सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षणाची संधी देणे. ही कर्तव्ये शाळांतून कशी शिकवावीत, यावर न्या. जे. एस. वर्मा समितीने १९९९ मध्ये अहवालही दिला. पंचवीस वर्षांनंतरही शाळेत पोहोचते ते मुख्यतः पहिलेच कर्तव्य, कारण ते पटांगणात घेता येते आणि त्याचे छायाचित्र वरिष्ठांना पाठवता येते.

बंधुभावाच्या कर्तव्याविषयी मात्र भंडाऱ्याला छायाचित्रावर भागवता येणार नाही. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची जमावाने क्रूर हत्या केली. कुटुंब दलित होते, शेतीचा वाद होता आणि त्याला जातीची धार होती. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीचे रूपांतर पंचवीस वर्षांच्या सक्तमजुरीत केले. कायद्याच्या अंगाने या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले. शिक्षणाच्या अंगाने मात्र फारसे नाही. प्रतिज्ञा शाळांत आली १९६५ मध्ये. म्हणजे २००६ साली या जिल्ह्यातील जी पिढी तीस-चाळिशीत होती, तिच्यातील शाळेत गेलेला प्रत्येक जण वर्षानुवर्षे रोज सकाळी सारे भारतीय आपले बांधव असल्याचे म्हणत मोठा झाला होता. ज्यांनी मारले तेच नव्हेत, ज्यांनी दारे लावून घेतली आणि ज्यांनी पुढे साक्ष द्यायला नकार दिला, तेही याच पिढीतले. एका गावाला दोष देऊन मोकळे होण्याचा हा विषय नाही. असे गाव महाराष्ट्राच्या कोणत्याही भागात निघू शकले असते. पण रोजच्या उच्चाराने माणसे बांधव होतात, या समजाची परीक्षा येथे झाली आणि तिचा निकाल सर्वांसमोर आहे.

मग मुले बांधव होतात कशाने? याचे एक उत्तर शाळेतच, दुपारी साडेबाराच्या सुमारास, जमिनीवर मांडलेले असते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या शालेय पोषण आहार योजनेत आरंभी मुलांना महिन्याकाठी तीन किलो तांदूळ घरी दिला जाई. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि शाळांमध्ये पंगती बसू लागल्या. योजनेचे नाव बदलत गेले, पंगत मात्र राहिली. कोण कोणाशेजारी बसते, अन्न कोण शिजवते, कोण वाढते, कोणाच्या घरून डबा येतो आणि तो का येतो : जातीच्या उतरंडीचे सारे व्याकरण या अर्ध्या तासात मुलाला दिसते, किंवा ते मोडताना दिसते. शिक्षक स्वतः त्या पंगतीत बसला, तर त्याने काही बोलण्याची गरज राहत नाही. पोषण आहाराच्या नोंदवहीत ग्रॅमचा हिशेब असतो, पंगतीचा रकाना नसतो. नसला तरी भंडाऱ्यातील मुलासाठी संविधानाच्या उद्देशिकेतील बंधुता हा शब्द त्याच पंगतीत जन्मतो, आणि कधी कधी तेथेच मरतो.

या दिशेने महाराष्ट्रात काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील ५०० शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम सुरू केला आणि पुढे शासनाच्या सहकार्याने तो राज्यभरातील जिल्हा परिषद शाळांत गेला. त्यात व्याख्यान नाही. मुले जोड्या करून, गटात बसून बोलतात, वर्गाचे नियम स्वतः ठरवतात, भांडण झाले तर ते कसे मिटवायचे यावर चर्चा करतात. नियम स्वतः केला की तो पाळावासा वाटतो, आणि मोडणाऱ्याला जाब विचारण्याचे बळही येते. लोकशाहीची यापेक्षा सोपी ओळख आठ वर्षांच्या मुलाला करून देणे कठीण आहे. अडचण एवढीच की, हा उपक्रम वर्षभर शिक्षकाचे मन मागतो. कवायत तासाभरात उरकते.

भंडाऱ्याच्या मुलाला सांगण्याजोगी एक गोष्ट इतिहासाने या जिल्ह्याच्या पदरात टाकली आहे आणि तिचा उपयोग फारसा केला जात नाही. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होते आणि मतदारसंघ द्विसदस्य होता : एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. दोनच वर्षांपूर्वी मुंबईत त्यांचा पराभव झाला होता. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब मात्र काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी हरले. ज्याने देशातील प्रत्येक प्रौढाच्या हाती मत देणारी घटना घडवली, त्यालाच त्या मताने नाकारले, आणि त्याने तो कौल मान्य केला. राज्यसभेतील आपले काम ते करीत राहिले.

ही गोष्ट पराभवाची म्हणून जिल्ह्यात थोडी चोरट्या स्वरात सांगितली जाते. कोणाला तिची खंत वाटते, कोणाला ती अडचणीची वाटते. वास्तविक लहान मुलांना नागरिकत्वाचा पहिला पाठ द्यायचा, तर यापेक्षा सरस प्रसंग शोधून सापडणार नाही. हरणे म्हणजे काय आणि हरल्यावर कसे वागायचे, हा सात-आठ वर्षांच्या मुलाचा अगदी रोजचा प्रश्न असतो. खो-खोत बाद झालेले मूल रडते, भांडते, खेळ मोडून टाकते. त्याला त्याच्याच गावाच्या वाटेवरून प्रचाराला गेलेल्या एका थोर माणसाची गोष्ट सांगता येते, जो हरला आणि ज्याने खेळाचे नियम मोडीत काढा असे म्हटले नाही. तुमसर येथे ऑगस्ट १९४२ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात आंदोलक हुतात्मा झाले, ती गोष्ट मुलांना सांगितलीच पाहिजे. तिच्या जोडीला ही दुसरीही सांगितली, तर देशासाठी मरणे आणि देशातील नियमांनी जगणे, या दोन्हींची ओळख होईल. बहुतेक मुलांच्या वाट्याला आयुष्यभर दुसरीच गोष्ट येणार असते.

देशप्रेमाच्या शिक्षणाविषयी आणखी एक भीती बोलून दाखवली जाते आणि ती अनाठायी नाही. मुलांना जे शिकवायचे ते सत्तेवरील पक्षाच्या रंगाने रंगते. दिल्लीत आम आदमी पक्षाच्या सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये बालवाडीपासून बारावीपर्यंत ‘देशभक्ती अभ्यासक्रम’ सुरू केला. २०२५ मध्ये सत्ता बदलली आणि नव्या सरकारने ‘राष्ट्रनीती’ नावाचा आपला कार्यक्रम आणला. देश तोच, मुले तीच, देशभक्ती मात्र निवडणुकीसरशी बदलली. अतिरेकी राष्ट्रवादाने पोळलेल्या जर्मनीतील शिक्षणतज्ज्ञांनी १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख या गावी बसून काही पथ्ये ठरवली : शिक्षकाने विद्यार्थ्याला आपल्या मताने दडपू नये, समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे, आणि विद्यार्थ्याला स्वतःची बाजू तपासता येईल असे बळ द्यावे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये केरळच्या बिजो इमॅन्युएल प्रकरणात असेच एक पथ्य घालून दिले. धार्मिक श्रद्धेमुळे राष्ट्रगीत न म्हणणाऱ्या, पण ते सुरू असताना आदराने उभ्या राहणाऱ्या तीन भावंडांना शाळेतून काढले होते. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. शाळेत देशप्रेम सक्तीने मोजू लागले की हे निकाल विस्मरणात जातात.

लष्करी प्रशिक्षणाच्या कल्पनेत जे चांगले आहे, त्यासाठी नव्या व्यवस्थेची गरजही नाही. छात्रसेनेत मूल साधारण तेराव्या वर्षी जाते, ते वय विचारपूर्वक ठरवलेले आहे. त्याहून लहानांसाठी स्काऊट-गाईड चळवळीत ‘कब-बुलबुल’ पथके आहेत. त्यांत खेळ, गाणी, गाठी मारणे, प्रथमोपचार, सहल, रोज एक तरी चांगले काम असा वयाला साजेसा क्रम असतो. प्राथमिक शाळांत ही पथके कागदावर किती आणि मैदानावर किती, हा हिशेब आधी झाला पाहिजे. विदर्भाला तर यासाठी दूर पाहण्याचेही कारण नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९४२ च्या आंदोलनात तुरुंगवास भोगला, म्हणजे देशभक्तीचे प्रमाणपत्र त्यांना कोणाकडून घ्यावे लागत नव्हते. तरीही ‘ग्रामगीते’त त्यांनी देश पाहिला तो गावाच्या रस्त्यात, विहिरीवर, शेणखताच्या खड्ड्यात आणि सामुदायिक प्रार्थनेत. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळांच्या परंपरेत पहाटे हातात झाडू घेऊन निघणारी मुले पूर्व विदर्भाने पाहिलेली आहेत. जपानमधील मुले स्वतःचा वर्ग स्वतः झाडतात, याच्या चित्रफिती आपल्याकडे मोठ्या कौतुकाने फिरतात. झाडीपट्टीतील मुलांना त्यात नवल वाटू नये. मात्र एक दक्षता हवी. झाडू सर्वांच्या हाती आलटून-पालटून गेला, तरच तो नागरिकत्वाचा पाठ ठरतो; ठरावीक मुलांच्या आणि मुलींच्याच हाती राहिला, तर तो नेमका उलटा पाठ देतो.

परिसर अभ्यासाच्या पुस्तकात जिल्ह्याची ओळख असते, आणि भंडारा हा तर तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले हजारो तलाव भंडारा-गोंदियाच्या भाताला शतकानुशतके पाणी देत आले. पाळीची डागडुजी, गाळ काढणे, पाण्याची पाळी हे सारे गावाने मिळून करायचे, असा दंडक होता. १९५० च्या सुमारास मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांची देखभाल हळूहळू कोणाचीच राहिली नाही. सार्वजनिक मालमत्ता म्हणजे काय, ती सर्वांची असते तेव्हा कोणाचीच का होऊन बसते, हे मुलाला समजावण्यासाठी गावाबाहेरच्या गाळाने भरलेल्या तलावाएवढे उत्तम साधन नाही. त्यातील अवघड भागही टाळता येणार नाही. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले, २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. चित्रकला स्पर्धेत मुले धरणाचे चित्र मोठ्या हौसेने काढतात. त्याच वर्गातील एखाद्या मुलाच्या आजोबांचे गाव त्या पाण्याखाली गेलेले असते आणि ते मूल पुनर्वसित गावठाणात राहते. ‘राष्ट्रीय’ या शब्दाचा अर्थ या दोन मुलांना एकाच वेळी सांगता आला पाहिजे. देशाला धरण हवे होते, हे खरे. त्यासाठी काहींनी घर दिले, हेही खरे. त्यांचे देणे चुकते झाले का, हे विचारण्याचा अधिकार दोघांनाही आहे. इतके बोलण्याची मुभा शिक्षकाला असेल, तर वैनगंगेत नागपूरचे सांडपाणी कसे येते, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतील.

शिक्षक हाच या साऱ्याचा कणा आहे आणि त्याच्याविषयी राज्याचे धोरण नेमके उलट्या दिशेने चालले आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार शिक्षण आयुक्तालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये पुढे आणला, तेव्हा विरळ वस्तीच्या पूर्व विदर्भात सर्वाधिक अस्वस्थता पसरणे स्वाभाविक होते. सहा-सात वर्षांच्या मुलाला राष्ट्र प्रथम भेटते ते त्याच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या रूपाने. तिच्या भिंतीवर नकाशा असतो, तिच्या आवारात ध्वजस्तंभ असतो, तिच्यात नेमलेला माणूस सरकारने त्याच्यासाठी पाठवलेला असतो. ती शाळा बंद करून त्याला चार किलोमीटरवर पाठवायचे आणि तेथे त्याच्याकडून अधिक देशप्रेमाची अपेक्षा करायची, यातील विसंगती मंत्रालयाला दिसत नसेल असे नाही.

आता २६ जानेवारीच्या दिवसाकडे वळावे. ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि परंपरेने त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवसांभोवती घेतल्या जातात. जिल्ह्यातील सुमारे ५४० ग्रामपंचायतींत याच दिवशी सकाळी मुले इस्त्रीचे कपडे घालून प्रभातफेरी काढतात, झेंडावंदन होते, भाषणे होतात, खाऊ वाटला जातो आणि मुले पांगतात. नंतर त्याच आवारात वा शेजारच्या समाजमंदिरात ग्रामसभेची सतरंजी अंथरली जाते. घरकुलांची यादी, पाणीपट्टी, रोजगार हमीची कामे, तलावाचा ठेका, शाळेची गळकी खोली हे विषय निघतात. आवाज चढतात, कोणी उठून जातो, कोणी हिशेब मागतो, ग्रामपंचायत अधिकारी इतिवृत्त लिहितो. ज्या प्रजासत्ताकाचा जयजयकार मुलांनी तासाभरापूर्वी केला, ते येथे प्रत्यक्ष काम करीत असते, आणि ते पाहायला मुले नसतात.

त्यांना तेथे बसवणे अवघड नाही. मत देण्यासाठी अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, ऐकण्यासाठी नाही. चौथी-पाचवीच्या मुलांनी आधीच्या आठवड्यात वर्गात बालसभा घ्यावी, आपल्या दोन-तीन मागण्या ठरवाव्यात आणि त्यांच्यातील एका मुलाने व एका मुलीने त्या ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. दप्तराविना भरणाऱ्या ‘आनंददायी शनिवार’ उपक्रमात याची तयारी सहज बसते. पुढच्या सभेत त्यांनी विचारावे, आमच्या मागणीचे काय झाले? यासाठी नवे प्रशिक्षण, नवा गणवेश वा नवे अनुदान लागत नाही. प्रजासत्ताक दिनाच्या दिवसभराच्या स्पर्धांच्या यादीत एका ओळीची भर घालणारे परिपत्रक जिल्हा परिषदही काढू शकते.

धोका आहे, तो मोठ्यांना आहे. ग्रामसभेत महिला बोलायला उठल्या तर त्यांना खाली बसवले जाते का, दलित वस्तीच्या रस्त्याचा विषय शेवटी का येतो, सरपंच महिला असेल तर तिच्याऐवजी कोण बोलतो, हे सारे मुले पाहतील आणि घरी जाऊन विचारतील. ग्रामसभेला गावातील एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि पुढच्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. कित्येक गावांत ग्रामसभा याच वाटेने पार पडते. सकाळच्या झेंडावंदनाला गाव लोटते आणि दुपारच्या सभेला शंभर माणसे भरत नाहीत, हा हिशेब चौथीतील मुलाला सहज करता येतो.